मध्यरात्रीचा सूर्य आणि माझी गोळ्यांची डबी

(गेल्या गणेशोत्सवात आपल्या क्लब हाऊसमध्ये केलेले हे भाषण. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ते लिहून मागितले. बोललो तसेच बहुतेक ठेवले आहे. जे तेव्हा महिलावर्ग समोर असल्याने गाळले होते, ते सौ.च्या परवानगीने इथे घातले आहे.)



मी काही प्रवासवर्णनकार नाही. अडतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे माझ्याकडे वर्णन कमी आणि व्हाउचर जास्त. पण आम्ही दोघं नॉर्वेच्या क्रूझला जाऊन आल्यापासून लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, अगदी वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालू असतानासुद्धा मंडळी विचारतात, "काका, खर्च किती आला? व्हिसा कुठला? बोट लागते का?" बी विंगमधली तीन जोडपी पुढच्या वर्षी निघायच्या बेतात आहेत. तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगतो.

आधी खर्च, कारण तो सांगितल्याशिवाय कुणाचं पुढे लक्ष लागणार नाही. दोघांचा सगळा मिळून साडेसात लाखांच्या आसपास. यात विमान, व्हिसे, विमा, चौदा रात्रींची बोट आणि किनाऱ्यावरच्या सहली आल्या. एक एफडी मोडली. हिचा विरोध होता. "त्या पैशात सगळ्यांना घेऊन केरळ होईल," असं तिचं म्हणणं. हिशोब तिचा बरोबर होता. पण बँकेत मी बत्तीस वर्षं एक कॅलेंडर टेबलाच्या काचेखाली जपलं होतं, त्यावर समुद्रावर लोंबणारा मध्यरात्रीचा सूर्य होता. वय त्र्याहत्तर झालं, म्हटलं आता नाही तर कधी?

बोट साऊदम्प्टनहून निघणार होती. इंग्लंडमधलं हेच ते बंदर, जिथून १० एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक निघाली. त्या बोटीवरच्या कर्मचाऱ्यांपैकी या एका गावची पाचशेहून अधिक माणसं गेली. हे मी हिला निघण्यापूर्वी सांगितलं नव्हतं. तिथं पोचल्यावर स्मारक दिसलंच.

आता व्हिसा. इथं भलेभले फसतात. एका ट्रॅव्हलवाल्यानं आम्हाला सांगितलं होतं, "काका, तुम्ही बोटीवरच राहणार, नॉर्वेचा व्हिसा कशाला?" ऐकू नका. साऊदम्प्टनहून निघणाऱ्या बोटीसाठी आपल्या पासपोर्टवर दोन व्हिसे लागतात. इंग्लंडचा एक, आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे, म्हणून शेंगेनचा दुसरा. इंग्लंडचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघा, कारण बोट परत तिथंच येते आणि तुम्ही दुसऱ्यांदा देशात शिरता. बोट आणखी वर स्वालबार्डला जाणार असेल तर तो भाग नॉर्वेचा असूनही शेंगेनच्या बाहेर आहे; म्हणजे शेंगेनही मल्टिपल हवा. शेंगेनसाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

विम्यावर मी पुढे येणारच आहे. आजच्या भाषणाचं खरं कारण तेच आहे.

बोट म्हणजे आपल्या सोसायटीच्या चार विंगा एकावर एक ठेवून पाण्यात सोडल्यासारखी. हजारो माणसं. आमची केबिन आतली, बिनखिडकीची, सगळ्यात स्वस्त. पण एक सांगतो, उत्तरेच्या प्रवासात ती वाईट नाही. बाहेर चोवीस तास उजेड असतो, आत दिवा घालवला की गुडुप अंधार. खिडकीवाले शेजारी डोळ्यांवर पट्टी बांधून झोपायचे. खिडकी घ्यायचीच असेल तर लक्षात ठेवा, वर जाताना नॉर्वेचा किनारा उजव्या हाताला असतो, येताना डाव्या. जाऊन-येऊन हिशोब सारखाच, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मात्र केबिन बोटीच्या मध्यावर आणि शक्यतो खालच्या मजल्यावर मागा. झोपाळ्याच्या मधे बसलेल्याला कमी हेलकावे बसतात, तसंच.

आमच्या पिढीला बोट लागणं नवीन नाही. लहानपणी आईबरोबर भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला जायचो तेव्हा हातात लिंबू असायचं आणि तोंडात आलेपाक. आलेपाक याही वेळी नेला होता. घरचे खाद्यपदार्थ नेण्याबद्दल प्रत्येक बोटीचे नियम वेगळे असतात, आधी विचारून घ्या. बाकी जेवणाची काळजी नको. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. आमच्या टेबलाचा वाढपी गोव्याचा, सासष्टीचा निघाला. गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर आहेत, त्यांना तिकडे तार्वटी म्हणतात. हिनं त्याच्याशी मालवणीत सुरुवात केली, त्यानं कोंकणीत उत्तर दिलं, आणि तिसऱ्या दिवसापासून आम्हाला वरण-भात मिळू लागला. बक्षिसी रोजच्या हिशोबानं खात्यात आपोआप लागते, तरी शेवटच्या रात्री त्याच्या हातात वेगळं पाकीट दिलं.

पहिल्या दिवशी एक कवायत असते. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. काही मंडळी कंटाळा करतात. करू नका. आणि मोबाइल बोटीवर चढल्याचढल्या एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात तो उपग्रहाच्या नेटवर्कला चिकटतो आणि बिल येतं ते बघून दुसरा आजार होतो.

उत्तर समुद्र पार करून पहिलं बंदर ऑलेसुंद. हे गाव १९०४ च्या जानेवारीत एका रात्रीत जळून खाक झालं, दहा हजार माणसं उघड्यावर पडली, ती त्या थंडीत. नंतर काही वर्षांत दगड-विटांचं, मनोऱ्या-कमानींचं सगळं गाव एका धाटणीत पुन्हा उभं केलं. गावामागे आक्स्ला नावाची टेकडी, तिला ४१८ पायऱ्या. ही म्हणाली, "अहो, गाडी जाते वर." मी म्हटलं, पर्वती चढणाऱ्याला ४१८ पायऱ्यांचं काय कौतुक. चढलो. वर बोचरा वारा आणि भुरभुर पाऊस. माकडटोपी केबिनमध्ये, छत्री उलटी झालेली. दृश्य अप्रतिम होतं आणि संध्याकाळपर्यंत मी शिंकायला लागलो.

कपड्यांचं इथंच सांगून टाकतो. जूनमध्येसुद्धा तिकडे एकच जाडजूड कोट नेऊन भागत नाही. थर हवेत: आत थर्मल, वर स्वेटर, सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. बसमध्ये, दुकानात उकडतं, बाहेर पडलं की गारठतं. कान झाकणारी टोपी खिशातच ठेवायची. केबिनमध्ये नाही.

तर शिंका. जेवणाच्या टेबलावर शेजारी एक प्रेमळ इंग्रज म्हातारबुवा होते. त्यांनी सर्दीच्या दोन गोळ्या दिल्या. एक घेतली. रात्री बोट हलायला लागली म्हणून बोट लागण्याची गोळी घेतली. पहाटे नाक चोंदलं म्हणून सर्दीची दुसरी घेतली. आता, मला प्रोस्टेटचा त्रास सात वर्षांपासून आहे. रोज एक गोळी असते. इथं बसलेल्या साठीपुढच्या पुरुषांपैकी अर्ध्या जणांना काय म्हणतोय ते कळलं असेल, बाकीचे न कळल्यासारखं दाखवतील.

सकाळी उठलो तर लघवी होईना.

वाटलं, होईल. पाणी प्यायलो, चूकच ती. दहा वाजता होईना, अकराला होईना. त्या दिवशी बोट कुठंच थांबणार नव्हती, समुद्रातच होती. वर डेकवर आर्क्टिक वृत्त ओलांडण्याचा समारंभ चालला होता. ६६ अंश ३३ मिनिटं उत्तर ओलांडलं की हौशी प्रवाशांच्या मानेवर बर्फाचे तुकडे टाकतात. ही कॅमेरा घेऊन उभी, आणि मी "आलोच" म्हणून चार वेळा खाली जाऊन आलो. पोट दगडासारखं झालं होतं. हिला सांगितलं नाही. का? तिचा मुळात विरोध होता, मी हट्टानं आणलं होतं, एफडी मोडली होती. उरलेला प्रवास आपल्यामुळे बुडाला असं होऊ नये, एवढंच डोक्यात. आता विचार केला की स्वतःचीच लाज वाटते. एक वाजता मी केबिनमध्ये पलंगाची कड धरून घामाघूम बसलो होतो, तेव्हा ती आली, एक शब्द न बोलता फोन उचलला आणि तिच्या इंग्रजीत म्हणाली, "माय हजबंड, नो युरिन, कम फास्ट." इतकं मुद्देसूद पत्र मी बँकेत कधी लिहिलं नाही.

बोटीवर दवाखाना असतो, तळमजल्यासारख्या खालच्या डेकवर. डॉक्टर बाई दक्षिण आफ्रिकेच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या गोळ्या घेतल्या?" आणि उत्तर ऐकून मान हलवली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या आणि बोट लागण्याच्या काही गोळ्या प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवू शकतात. माझ्या पोटात दोन्ही होत्या. नळी घातली, पिशवी लावली. दोन मिनिटांत जे सुख मिळालं त्यापुढे मध्यरात्रीचा सूर्य वगैरे सगळं झूट!

पण बाई म्हणाल्या, उद्या सकाळी ट्रॉम्सो येतंय. तिथं मोठं विद्यापीठ रुग्णालय आहे. लघवीत रक्त किंवा ताप दिसला तर तुम्हाला तिथं उतरवावं लागेल, बोट पुढे जाईल. रात्रभर ही खुर्चीवर बसून होती. मी म्हटलं, "झोप गं." ती म्हणाली, "रात्र कुठं झालीय?" दवाखान्याच्या गोल खिडकीतून दोन वाजता लख्ख उजेड येत होता. लोक परक्या देशात उतरवले जातात तेव्हा त्यांच्याकडे व्हिसा असतो का, हा विचार करा म्हणजे मघाचा ट्रॅव्हलवाला आठवेल.

ट्रॉम्सोला ताप नव्हता. उतरवलं नाही. ते गाव मी डेकवरून पाहिलं: उंच कमानीचा पूल आणि पलीकडे १९६५ सालचं पांढरं त्रिकोणी चर्च, बर्फाच्या लाद्या तिरक्या उभ्या केल्यासारखं. दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला आमुंडसेन १९२८ मध्ये याच गावाहून विमानानं दुसऱ्या एका संशोधकाला शोधायला निघाला आणि परत आला नाही. त्याचा पुतळा पाहायचा राहिला.

आता विमा. निघण्यापूर्वी एजंट घरी आला होता. म्हणाला, "काका, बीपी, प्रोस्टेट काही लिहू नका. प्रीमियम वाढेल." मी आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले, 'लागू नाही' लिहून लपवलेल्या गोष्टी शेवटी कशा वर येतात ते पाहिलंय. सगळं लिहिलं. प्रीमियम वाढला, हिनं भुवया वर केल्या. आधीपासूनच्या आजारांबद्दल पॉलिसीत एक ओळ असते, ती शोधून वाचली. जिवावर बेतणारी तातडीची परिस्थिती असेल तरच पैसे, असं बऱ्याच पॉलिसींत असतं. समुद्रातल्या बोटीवरचा उपचार आणि बोटीवरून रुग्णालयात हलवणं धरलंय का, हेही लेखी विचारलं. त्या ई-मेलची छापील प्रत बरोबर नेली होती.

बोटीवरच्या दवाखान्याचं बिल झालं जवळपास नव्वद हजार रुपये. ते आधी तुमच्या बोटीच्या खात्यात चढतं, तुम्ही भरता, मग विम्याकडे मागता. म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा निघण्यापूर्वी वाढवून घ्या. दवाखान्यातच डॉक्टरांचं निदान, तारीख, वेळ, औषधांची नावं, शिक्का, सगळं मागून घ्या. घरी आल्यावर ते कागद मिळवायला नाकी नऊ येतात. परत आल्यावर विमा कंपनीनं माझे सात वर्षांचे जुने कागद मागितले आणि अर्जाशी ताडून पाहिले. दोन महिन्यांनी स्वतः भरायची ठरलेली रक्कम वजा करून बाकी सगळे पैसे खात्यात जमा. एजंटचं ऐकलं असतं तर ते नव्वद हजार मी 'सोडून दिलेली कर्जे' या खात्यात टाकले असते.

दुसऱ्या दिवशी होन्निंग्सवोग, नॉर्डकॅपचं बंदर. डॉक्टरबाईंनी परवानगी दिली: बसनं जा, हळू चाला, पिशवी मांडीला नीट बांधा. सैल पँट घातली. ते टोक ७१ अंश १० मिनिटं उत्तरेला, खाली ३०७ मीटरचा सरळ कडा, पुढे समुद्र आणि मग स्वालबार्ड. सयामचा राजा चुलालोंगकोर्न १९०७ मध्ये इथं आला होता, त्याची आठवण तिथं जपली आहे. आम्ही रात्री साडेदहाला पोचलो आणि चारी बाजूंनी धुकं. लोखंडी पृथ्वीगोल दहा पावलांवर दिसेना. बाराचे साडेबारा झाले. दीडशे माणसं पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी. सूर्य नाही. मांडीला पिशवी बांधून, बत्तीस वर्षं कॅलेंडर जपून मी धुकं बघायला आलो होतो.

ही काही बोलली नाही. बसमध्ये फक्त शालीचं टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं.

बोट सुटली. दोनच्या सुमाराला पिशवी रिकामी करायला उठलो, झोप गेली, म्हटलं वर जरा हवा खाऊ. ही पण उठली. डेकवर आलो तर धुकं मागे किनाऱ्यावर राहिलेलं आणि उघड्या समुद्रावर, उत्तरेच्या अंगाला, तो होता. संत्र्यासारखा वगैरे नाही. पिवळा, बऱ्यापैकी वर, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला असतो तसा. कॅलेंडरवरचा फोटो बहुतेक बारालाच काढलेला असणार. डेकवर चहाचे कप गोळा करणारा एक पोरगा सोडला तर कुणी नव्हतं.

ही बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अहो, इथं दिवेलागण कधी करायची?" बोटीवर निरांजन, उदबत्ती काही लावू देत नाहीत, पण ती रोज घड्याळ बघून सातला हात जोडून शुभंकरोति म्हणायची. ट्रॉम्सोच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा चुकलं होतं. ते तिनं त्या पहाटे अडीच वाजता, सूर्याकडे तोंड करून म्हटलं.

मला लोकमान्य आठवले. त्यांनी १९०३ मध्ये 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. ऋग्वेदातली उषा इतकी लांबलचक आहे की ती ध्रुवप्रदेशातलीच असणार, असा त्यांचा तर्क. विद्वानांना तो पटला नाही, मलाही पूर्वी पटत नव्हता आणि अजूनही पटत नाही. पण इथं न येता, नुसत्या सूक्तांवरून त्या माणसानं हा उजेड मनात पाहिला होता, एवढं मात्र त्या डेकवर कळलं.

त्याच दिवशी दुपारी नळी काढली. पुढचे तीन तास ही दवाखान्याबाहेर घड्याळ घेऊन बसली होती आणि आतून मी "झाली!" म्हणून ओरडलो तेव्हा फिलिपिन्सच्या नर्सनं टाळ्या वाजवल्या. आमच्या प्रवासातला सगळ्यात मोठा समारंभ तोच.

त्यानंतरचं भराभर सांगतो. लोफोटेन बेटांवर उंच लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळत घालतात, मीठ न लावता, नुसता थंड वाऱ्यावर. तो वास आला आणि ही म्हणाली, "वेंगुर्ल्याला आलो की काय!" इतक्या उत्तरेला बंदरं गोठत का नाहीत, तर अटलांटिकमधून वर जाणारा उबदार प्रवाह या किनाऱ्याला घासून जातो म्हणून. गैरांगर हा पंधरा किलोमीटर लांबीचा फियोर्ड, म्हणजे डोंगरांच्या मधून आत शिरलेला समुद्र; सात धारांचा धबधबा डेकवरूनच दिसतो. त्या दिवशी पहाटे पाचला उठून वर जा, न्याहारी बुडाली तरी चालेल. तिथं जायचं तर बोट खरोखर आत जाणार आहे का ते बुकिंग करताना विचारा. या वारसा फियोर्डमध्ये धूर सोडणाऱ्या बोटींना टप्प्याटप्प्यानं बंदी येते आहे. लहानांना २०२६ पासून, मोठ्यांना २०३२ पासून. बर्गनला वर्षात दोनशेहून अधिक दिवस पाऊस, आम्हालाही मिळाला. मी टोपी घातली होती.

आणि किनाऱ्यावर स्वतःचे स्वतः फिरणार असाल तर घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा. बोटीच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते. तुमच्यासाठी थांबत नाही. बर्गनला एक जोडपं धक्क्यावर पळत येताना आणि बोट सरकताना आम्ही पाहिलं.

आता ही डबी. आज मुद्दाम आणली आहे. यात पंधरा दिवसांच्या नव्हे, पंचवीस दिवसांच्या गोळ्या, हातातल्या बॅगेत, कधीही मोठ्या बॅगेत नाही. बरोबर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहिलेली. आणि झाकणाच्या आत हिनं स्वतःच्या अक्षरात चिकटवलेला कागद: 'विचारल्याशिवाय कुणाची गोळी घेणे नाही.' खाली माझी सही घेतली आहे, तारखेसह.

खर्चाची वही, विम्याच्या ई-मेलचा नमुना आणि व्हिसाच्या कागदांची यादी माझ्याकडे आहे. झेरॉक्स तुमची तुम्ही काढायची. पुरुष मंडळींना काही खासगीत विचारायचं असेल तर सकाळी साडेसहाला बागेतल्या जांभळाखालच्या बाकावर मी असतो. बायकांनी सरळ हिलाच विचारावं, ती जास्त खरं सांगेल.